बसल्या जागी चौऱ्याऐंशी

सहलीला निघणारा माणूस मुळातच रिकामटेकडा असतो आणि लडाखला येऊन पुरणपोळी मागणारा तर रिकामटेकड्यांचा शिरोमणी, असं मुरलीधर ठोसरांचं ठाम मत होतं. गंमत अशी, की याच शिरोमणींच्या जिभेवर त्यांचं सगळं मोठेपण उभं होतं. गेली नऊ वर्षं ते पुण्याच्या एका सहल कंपनीचे डोंगरावरचे मुख्य आचारी होते, आणि कंपनीच्या जाहिरातीत हिमशिखरांपेक्षाही मोठ्या अक्षरांत छापलेलं असे, 'बारा हजार फुटांवरची पुरणपोळी'. तळ होता साडेअकरा हजारांवर. पण जाहिरातवाल्यांना पाचशे फूट म्हणजे किस झाड की पत्ती.

दर खेपेला छत्तीस माणसं विमानाने येत, तीन दिवस लेहमध्ये डोकं धरून बसत आणि चौथ्या दिवशी सिंधूच्या वरच्या अंगाला असलेल्या या तंबूंच्या वसाहतीत पोचत. समोर बर्फाचे डोंगर उभे, आकाश धुतल्यासारखं निळं, आणि ही मंडळी विचारणार, कटाची आमटी आहे ना? मुरलीकाका मान हलवत आणि मनात म्हणत, गाढवाला गुळाची चव काय.

कला मात्र त्यांच्या हातात होती, यात वाद नाही. त्या उंचीवर पाणी अठ्ठ्याऐंशी अंशांनाच उकळतं, त्यामुळे हरभऱ्याची डाळ उघड्या पातेल्यात दिवसभर रटरटली तरी दाताखाली कचकचते. कोरड्या हवेत कणीक बघता बघता भेगाळते. कुकरच्या शिट्ट्या किती वाढवायच्या, कणकेवर फडकं किती ओलं टाकायचं, हे एकट्या मुरलीकाकांना ठाऊक होतं. कंपनीने मध्यंतरी दोन मोठ्या हॉटेलांतले आचारी आणून पाहिले होते. त्यांच्या पोळ्यांचे पापड झाले. खाली पुण्यात मुरलीकाका लग्नाच्या स्वयंपाकघरातले शंभरातले एक होते. वर ते एकटेच होते. ही वरची चूल सुटली तर आपण कोणीच नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं आणि त्याची त्यांना मनातून भीती वाटत असे.

ती सुटायला एकच कारण पुरेसं होतं. कंपनीचा नियम होता, की रोज सकाळी प्रत्येकाच्या रक्तातला प्राणवायू मोजायचा, आणि ब्याऐंशी टक्क्यांच्या खाली आकडा आला तर त्या माणसाला खाली पाठवायचं. कर्मचारी असेल तर पुन्हा कधी डोंगरावर आणायचं नाही. नियम कडक वाटतो. पण तो पाळण्याची तऱ्हा बघावी. चहा झाला, आरती झाली, की सगळे खुर्च्यांवर टेकत. मग निनाद नावाचा सहलप्रमुख, ज्याला हसण्याचा पगार मिळत असे, बोटाला लावायचा चिमटा घेऊन एकेकापुढे जाई. आणि लोक, सवयच ती, उजवा हात पुढे करून डावा तळवा खाली धरत. तीर्थ घ्यावं तसं. सुलोचना नाडगौडा नावाच्या बाई तर आकडा सांगितल्यावर तो हात डोळ्यांना लावत. बसल्या जागी, शांत चित्ताने, पाच मिनिटं विश्रांती घेऊन मोजलेला आकडा. तो चांगला येई. चांगला यावा म्हणूनच तो असा घेतला जाई.

मुरलीकाकांचा आकडा चौऱ्याऐंशी येत असे, बसल्या जागी.

*

त्यांच्या फुप्फुसांचा निकाल फेब्रुवारीतच लागला होता. चाळीस वर्षं लाकडाच्या चुली, मग डिझेलच्या भट्ट्या, वर मिरचीच्या फोडण्या. कंपनीने धूर नसलेल्या विजेच्या शेगड्या आणल्या तेव्हा फुप्फुसांत जायचं ते सगळं जाऊन बसलं होतं. मुरलीकाकांनी आयुष्यात विडी ओढली नव्हती, आणि ओढणाऱ्यांकडे ते तुच्छतेने बघत. म्हणून विडीवाल्यांचा आजार आपल्याला झाला हे डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यांना आजारापेक्षा अपमान जास्त वाटला.

डॉक्टर तरुण होते आणि त्यांना समजावून सांगायची हौस होती. फुप्फुसांत बारीक फुगे असतात, त्यांच्या भिंतींतून रक्त प्राणवायू उचलतं, आणि धुराने या भिंती झिजून फाटतात. माणूस बसलेला असतो तेव्हा रक्त त्या भिंतींजवळून सावकाश जातं, त्यामुळे उरल्यासुरल्या भिंतींवरही त्याचं भागतं. चालायला, चढायला लागलं की हृदय रक्ताला पुढे ढकलतं. ते घाईघाईने निघून जातं आणि अर्धं रिकामंच राहतं. म्हणून या आजारात बसल्याचा आकडा फसवा. डोंगरावर तर हवेतच प्राणवायू विरळ, तिथे बसून ठीक असलेला माणूस चार पावलांत धोक्यात येतो. "जिलबी पाकात घालून लगेच उचलली तर आत कोरडीच राहते ना काका, तसं," डॉक्टर म्हणाले. मुरलीकाकांच्या मते जिलबी कोरडी राहते ती पाक गार असला तर. ज्याला जिलबी कळत नाही त्याला फुप्फुस काय कळणार, असं ठरवून ते उठले.

मुलीकडून मात्र असं उठून जाता आलं नाही. ऋजुता श्वसनाच्या रुग्णांची फिजिओथेरपिस्ट होती. इस्पितळाच्या तीस मीटरच्या व्हरांड्यात ती माणसांना बोटाला चिमटा लावून सहा मिनिटं चालायला लावी आणि चालताना आकडा कुठवर पडतो ते लिहून घेई. लोकांना व्हरांड्यात फिरवायलाही आता पदवी लागते, असं बाप चारचौघांत म्हणत असे आणि तीही ते ऐकून घेत असे. आई गेल्यापासून दोघांत बोलणं असं टोमण्यांतूनच चाले. तिने बाबांना व्हरांड्यात उभं केलं. दुसऱ्याच मिनिटाला, पुण्यात, त्यांचा आकडा ब्याऐंशीवर आला. त्यांनी चिमटा काढून तिच्या हातावर ठेवला.

"तुझं मशीन खोटं आहे," ते म्हणाले.

ऋजुताने त्यांना लडाखला जाऊ नका म्हणून हात जोडून विनवलं. ते हो म्हणाले असतेही कदाचित, कारण तेव्हा घराचा जिना चढतानाच त्यांना तीनदा थांबावं लागत होतं. पण त्याच आठवड्यात निनादने त्यांना 'उसंत' आणून दिली.

उसंत म्हणजे कानामागे चिकटवायची टिकली, हरभऱ्याच्या डाळीएवढी. ती कशी जन्माला आली ते ऐकण्यासारखं आहे. दम लागणं हे छातीत घडत नाही, मेंदूत घडतं. रक्तात साठलेला दूषित वायू, थकलेले स्नायू, ताणलेल्या फासळ्या, सगळे आपापली तक्रार वर पाठवतात आणि मेंदू त्यांची गोळाबेरीज करून घाबरतो. त्या घाबरण्याला आपण दम म्हणतो. कोणा भल्या शास्त्रज्ञांनी शोधून काढलं, की कानामागच्या एका मज्जातंतूला मंद झटके देत राहिलं तर मेंदूतलं हे घाबरण्याचं ठिकाण गप्प बसतं. श्वास चालू राहतो, नुसती तगमग थांबते. त्यांनी हे यंत्र केलं होतं शेवटच्या घटका मोजणाऱ्यांसाठी, अंथरुणावर तडफड होऊ नये म्हणून. मरणाऱ्याला शांतपणे मरता यावं यासाठी केलेली वस्तू बाजाराने दोन वर्षांत जिवंत माणसांना डोंगर चढायला विकली. यावर कोणाला हसू आलं नाही. उलट छत्तीसांतले एकवीस जण ती लावूनच विमानात बसत.

मुरलीकाकांनी टिकली लावली आणि ऋजुताचे चार मजले न थांबता चढून तिच्या दारात उभे राहिले, कपाळावर साधा घामही नाही. बघ, म्हणाले. तिने त्यांच्या चेहऱ्याकडे न बघता नखांकडे बघितलं आणि चिमटा आणायला वळली, तोवर त्यांनी हात खिशात घातला होता.

"बाबा, दम गेलेला नाही," ती म्हणाली. "तो लागलाय हे कळायचं गेलंय."

निघताना तिने तो चिमटा त्यांच्या पिशवीत टाकला. त्यांनी तो लेहला पोचल्यावर मिसळणाच्या डब्यात, हळदीच्या वाटीत खुपसला आणि झाकण लावलं.

*

तळाची रचना ज्याने केली त्याला स्वयंपाकाचं काही कळत नसावं. फोडणीचा वास पाहुण्यांच्या पांघरुणांना लागू नये म्हणून स्वयंपाकाचा तंबू उतारावर खाली, जेवणाचा वर, मध्ये दगडाच्या बेचाळीस पायऱ्या. वाढप करायला स्तानझिन होता, पन्नाशीचा, मुकाट काम करणारा लडाखी माणूस. पण सहलीच्या मध्यावरची पुरणपोळी मुरलीकाका स्वतः वाढत. गरम पोळी तव्यावरून तुपासकट ताटात पडली पाहिजे, आणि आणखी एक घ्याच असा आग्रह झाला पाहिजे. हे काम थुक्प्याचं सूप पिणाऱ्याला जमणारं नव्हे, असं त्यांचं म्हणणं. स्तानझिनने त्या आठवड्यात दोनदा त्यांच्या ओठांकडे बोट दाखवून, काका, नीले हैं, असं सांगितलं होतं. दोन्ही वेळा त्यांनी त्याला कांदे चिरायला बसवलं.

त्या दिवशी मुरलीकाकांचा हात चुकला. पुरणात जायफळ घालायचं राहिलं आणि आमटीत मीठ दोनदा पडलं. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. मेंदूला प्राणवायू कमी पडला की पहिली जाते ती असली बारीक जाण, आणि ती गेल्याचं कळायलाही तीच लागते. त्यांनी स्तानझिनला झापलं, आमटीत बटाटा टाकला आणि ताट घेऊन पायऱ्या चढायला लागले. एक खेप, दुसरी, चौथी. पाय जड होते, पण दम नावाला नव्हता. वरून टाळ्या पडत होत्या आणि जायफळ नसलेल्या पोळीला मंडळी स्वर्गीय म्हणत होती. मुरलीकाकांना त्यांची कीव आली.

सहाव्या खेपेला ते वर आले तेव्हा सुलोचनाबाईंचे यजमान उल्हास नाडगौडा ताटावर मान टाकून बसले होते. निवृत्त शिक्षणाधिकारी, तीस वर्षं सिगारेट, कानामागे उसंत. सकाळपासून मागच्या टेकडीवरच्या स्तूपापर्यंत दोनदा जाऊन आल्याचं ते ज्याला त्याला सांगत होते. आता चेहऱ्यावर समाधान होतं आणि हनुवटीला तूप लागलं होतं. धाप नाही, तगमग नाही.

"पोळी अंगावर आली," मुरलीकाका म्हणाले आणि तंबू हसला. निनाद सगळ्यांत जास्त हसला.

पोळी पुढे सरकवायला काका वाकले आणि त्यांना नाडगौडांची नखं दिसली. पिकल्या जांभळाची साल असते तशी. त्यांनी हाक मारली, गालावर चापट मारली. नाडगौडांनी डोळे अर्धवट उघडून त्यांना हातात नसलेलं एक शासकीय परिपत्रक वाचून दाखवायला सुरुवात केली आणि पुन्हा मिटले. मुरलीकाका ताट तिथेच ठेवून बेचाळीस पायऱ्या उतरले, मिसळणाचा डबा उपडा केला, हळदीने पिवळा झालेला चिमटा घेऊन पुन्हा बेचाळीस चढले आणि तो नाडगौडांच्या बोटाला लावला. सत्तावन्न.

सुलोचनाबाई घाबरल्या. निनाद घाबरला नाही. घाबरायचा त्याला पगार नव्हता. सकाळी यांचा सत्त्याऐंशी होता, तो म्हणाला, सगळ्यांनी ऐकलाय. हा चिमटा हळदीने वाया गेलाय, त्याची काच तरी पुसलीय का? स्वतःला लावून बघा काका, म्हणजे कळेल.

मुरलीकाकांनी काच धोतराच्या सोग्याला पुसली आणि चिमटा स्वतःला लावला. त्रेसष्ट.

"बघा!" निनाद सगळ्यांकडे वळून म्हणाला. "त्रेसष्ट असलेला माणूस असा ठणठणीत उभा राहील का? मशीन खोटं आहे."

तंबूत पुन्हा हसू फुटलं, सुटका झाल्याचं. कोणीतरी काकांना पोळी आणा म्हणालं. मुरलीकाका मात्र जागचे हलले नाहीत. हे वाक्य त्यांच्याच ओळखीचं होतं. आत्ता फक्त मान हलवायची होती. मशीन खोटं असेल तर नाडगौडा झोपलेत, स्वतः ते ठणठणीत आहेत आणि वरची चूल त्यांची आहे. खरं असेल तर हा माणूस हसत हसत मरतोय आणि त्याच्या पाठोपाठ नंबर त्यांचा. त्यांना मान हलवावीशी वाटली. इतकी वाटली, की पुढे कित्येक दिवस त्याची त्यांना लाज वाटत राहिली.

त्यांनी कानामागे हात नेला आणि नखाने टिकली उचकटली.

आठ-दहा श्वास काहीच झालं नाही. मग दम आला, चाळीस वर्षांचा साठवलेला असावा तसा. छाती भात्यासारखी हलायला लागली, डोळे बाहेर आले, तोंड उघडं पडलं आणि मुरलीधर ठोसर दोन रांगांच्या मधोमध, ज्यांना ते गाढवं समजत त्या छत्तीस जणांसमोर, तुपाच्या वाटीशेजारी मट्‌कन खाली बसले. बोलायला हवा नव्हती. त्यांनी आधी नाडगौडांच्या कानाकडे, मग कार्यालयाच्या तंबूकडे बोट दाखवलं. ते फक्त स्तानझिनला कळलं. तो प्राणवायूच्या दोन्ही नळकांड्या खांद्यावर घेऊन आला तेव्हा निनाद अजून कंपनीला फोन लावत होता.

*

नाडगौडा वाचले. लेहच्या इस्पितळात दुसऱ्या दिवशी शुद्धीवर येताच त्यांनी आपल्याला दीडच पोळी मिळाल्याची तक्रार केली, यावरून डॉक्टरांनी मेंदू शाबूत असल्याचं अनुमान काढलं.

त्या सकाळी तळावर चहा झाला, आरतीही झाली. निनाद चिमटा घेऊन आला आणि आधी मुरलीकाकांना बाजूला घेतलं. रात्रभर नाकाला नळी लावून ते आता बरे दिसत होते. निनादने समजुतीच्या स्वरात सांगितलं, की मोसमाच्या अजून अकरा सहली आहेत आणि लोक तुमच्या पोळीसाठी येतात. काकांनी पाच मिनिटं शांत बसावं, चौऱ्याऐंशी येईल, तो लिहून टाकेल आणि विषय संपेल. नाडगौडांना उंची मानवली नाही, एवढंच कळवलंय. पायऱ्यांचं काम स्तानझिन करेल. असा मान कंपनीने कुठल्या आचाऱ्याला दिला नव्हता. निनाद खुर्चीही घेऊन आला होता.

मुरलीकाकांनी खुर्चीकडे बघितलं. मग सगळ्यांदेखत पायऱ्यांच्या तळाशी गेले आणि चढायला लागले, टिकलीशिवाय. पाचव्या पायरीला थांबले. बाराव्याला कठडा धरला. एकोणिसाव्याला पुढे जाता येईना तेव्हा तिथेच उभे राहिले आणि उजवा हात पुढे केला. डावा तळवा खाली धरला नाही.

"लाव," ते म्हणाले. निनादने चिमटा लावला. "मोठ्याने वाच."

"एकोणसत्तर," निनाद पुटपुटला.

"लिही." थोडी हवा आत घेऊन ते पुढे म्हणाले, "कुकरच्या शिट्टीचा त्रास होतो म्हणून तिला फडकं कोंबणारी माणसं तुम्ही. मीही त्यातलाच, तुमच्याहून मूर्ख, कारण मला कुकर कळतो. टिकल्या काढा सगळ्यांनी. आणि एकेक जण चढा."

कंपनीच्या इतिहासात पाहुण्यांशी असं कोणी बोललं नव्हतं. पण नाडगौडांची रिकामी खुर्ची समोर होती. सुलोचनाबाईंची शेजारीण आधी उठली. तिने कानामागची टिकली काढली, आणि मग एकामागून एक टिकल्या चहाच्या कपांत पडायला लागल्या. बसल्या जागी सगळे पास झाले असते. बेचाळीस पायऱ्यांवर पाच जण सत्तरीच्या आत आले, त्यात काल सगळ्यांत मोठ्याने हसलेले दोघे होते.

दुपारी त्या पाचांना आणि मुरलीकाकांना लेहच्या विमानतळाकडे नेणारी गाडी निघाली. गाडीत बसल्यावर पहिल्या दहा मिनिटांत त्यांतल्या एकाने रात्रीच्या जेवणाची काय सोय म्हणून विचारलं. मुरलीकाकांनी नाकातली नळी सारखी केली आणि ऋजुताला फोन लावला.

तिला निनादच्या कार्यालयातून काहीतरी कळलं होतं. ती ओरडली नाही, रडलीही नाही. फक्त विचारलं, "किती?"

"बसून की चालून?"

हा प्रश्न बापाने उभ्या जन्मात विचारला नव्हता.

"चालून," ती म्हणाली.

"एकोणसत्तर. एकोणीस पायऱ्या." त्यांनी खिडकीतून मागे बघितलं. तळावरच्या स्वयंपाकाच्या तंबूचं टोक अजून दिसत होतं आणि ते परत कधी दिसणार नव्हतं. पुरणाचं सगळं प्रमाण त्यांनी सकाळी स्तानझिनला सांगितलं होतं, जायफळासकट. जमेल त्याला, असं त्यांना वाटलं आणि असं वाटल्याचा रागही आला. "तुझा तो व्हरांडा तीस मीटरचा ना गं?"

"तीसच. पण त्यात कुठेही थांबलं तरी चालतं, बाबा."

"थांबेन मी," मुरलीकाका म्हणाले, आणि पुढचं काही बोलायच्या आतच थांबले. दम लागला होता.